ऑन एअर!

पोरगी पुण्याहून येणार म्हणजे बाकरवडी येणार, हे आमच्या घरी ठरलेलं. गेल्या दिवाळीत मात्र मी अण्णांसाठी ब्लूटूथ स्पीकर घेऊन गेले. आई म्हणाली, "आता हे काय आणलंस?" पण नरक चतुर्दशीच्या पहाटे ओसरीत भीमसेनजींचा अभंग घुमला आणि अण्णा सॉलिड खूश! ट्रान्झिस्टर थेट कपाटावर.

खरं तर मला वाय-फायवाला स्पीकर हवा होता. फंडा सोपा आहे. ब्लूटूथमध्ये गाणं तुमच्या फोनमधून स्पीकरकडे जातं, म्हणून फोन साधारण १० मीटरच्या आत लागतो. वाय-फायवर कास्ट केलं, तर फोन फक्त ऑर्डर सोडतो. गाणं स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून आणतो. फोन घेऊन तुम्ही खुशाल बाजारात जा, घरी मैफल चालूच! पण बीड जिल्ह्यातलं आमचं अंबाजोगाईचं घर म्हणजे हातभर जाडीच्या दगडी भिंती. राउटर एका खोलीत, तर रेंज त्याच खोलीत. त्यात लाइट गेली की राउटरही गेला. चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर निदान गात राहतो. (जुन्या डेकला वाय-फाय जोडणारी गूगलची 'क्रोमकास्ट ऑडिओ' ही चकती मला जाम आवडायची. २०१५मध्ये आली, २०१९मध्ये तिचं उत्पादन बंद. असो.)

तर पाडव्याची सकाळ. मी अंगणात रांगोळी काढतेय, आत ओसरीत माझ्याच फोनवरची गाणी चालू. रूममेटचा फोन आला. रांगोळीच्या बोटांनीच उचलला. हॅलो, हॅलो... कानाला काहीच ऐकू येईना. तेवढ्यात ओसरीतून खणखणीत आवाज आला, "अगं, नोकरी गेल्याचं घरी सांगितलंस का? घरमालक दोन महिन्यांचं भाडं मागतोय!"

मार्चमध्ये आमचं मासिक बंद पडलं. तेव्हापासून मी फ्रीलान्स, आणि घरी सगळं 'मस्त चाललंय'. आठ महिने जपलेलं गुपित आठ सेकंदांत ऑन एअर! ओसरीत अण्णा होते, आई होती, फराळाला आलेले शेजारचे काकाही होते.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, ब्लूटूथमध्ये गाण्यांची सोय वेगळी आणि कॉलची वेगळी असते. माइक असलेला स्पीकर जोडला की बहुतेक वेळा दोन्ही चालू होतात. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जा, स्पीकरच्या नावापुढचं चाक दाबा, 'फोन कॉल' बंद करा, 'मीडिया ऑडिओ' राहू द्या. एक मिनिटाचं काम. आजच करून टाका, प्लीज.

अण्णा दिवसभर काहीच बोलले नाहीत. काका गेल्यावर आईनं दोन करंज्या जास्त वाढल्या, बस्स. रात्री जेवताना अण्णांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "भाडं किती राहिलंय?" मी आकडा सांगितला. मग मार्चपासूनचं सगळंच सांगितलं. उशीर झाला, भाजी गार झाली.

निघायच्या दिवशी म्हटलं, अण्णांच्या फोनमधलं ते 'फोन कॉल'चं बटणही बंद करून जावं.

"राहू दे गं," अण्णा म्हणाले. "तुझा फोन आला की तुझ्या आईलाबी ऐकू येतंय."