अंगणवाडीच्या बाई आपल्याच वाडीतल्या हव्यात

जून महिना उजाडला की सीमाभागात एकच चर्चा सुरू होते. अमुक गावच्या मराठी शाळेचा पट किती उतरला, तमुक शाळेत पहिलीला किती मुले आली, कोणती शाळा बंद पडणार. मग आपण घरोघर फिरतो, पालकांच्या विनवण्या करतो, वह्या-दप्तरे वाटतो. हे काम चांगलेच आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. परंतु पहिलीच्या प्रवेशासाठी आपण पालकाच्या दारात उभे राहतो, तोवर त्या घरातला निर्णय बहुधा तीन वर्षांपूर्वीच झालेला असतो. तिसऱ्या वर्षी मूल ज्या बाईंचे बोट धरून घराबाहेर पडते, त्याच वाटेने ते पुढे जाते. त्या बाई कोण आहेत, कोणत्या भाषेत बोलतात, याचा विचार आपल्या बैठकांतून किती वेळा झाला?

आज खानापूर तालुक्यात गावोगावी कन्नड अक्षरांत एक पाटी दिसते. त्या पाटीवरचा 'अंगणवाडी' हा शब्द मराठी आहे, हे आपल्या तरुणांना सांगावे लागते. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांच्या कामात आल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात गेले पाहिजे, हा विचार तिथे रुजला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. कर्नाटकात तिची सुरुवात म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. मराठी बायकांनी घडवलेला हा शब्द साऱ्या देशाने घेतला आणि आपल्याच तालुक्यात मात्र अंगणवाडीत मराठी बाई मिळावी म्हणून अर्ज-विनंत्या करण्याची वेळ आपल्यावर आली आहे.

परगावाहून आलेल्या कन्नड भाषिक बाई मुलांना जीव लावत नाहीत, असे कोणी म्हणू नये. प्रश्न त्यांच्या मायेचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला पोट दुखते हे सांगता आले पाहिजे, रडण्याचे कारण बोलता आले पाहिजे, गोष्ट ऐकून 'मग काय झाले?' असे विचारता आले पाहिजे. हे परक्या भाषेत होत नाही. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तेथे घरच्या भाषेवर भर दिला. म्हणजे अंगणवाडी ही आता केवळ खाऊ वाटण्याची जागा राहिलेली नाही. शाळेची सुरुवात तिथूनच होते. आपले लक्ष मात्र अजून पहिलीच्या वर्गावरच खिळलेले आहे.

सेविकेच्या जागेसाठी उमेदवार बारावी आणि मदतनिसासाठी दहावी उत्तीर्ण असावी लागते. ती स्थानिक रहिवासी हवी आणि तिने दहावीला कन्नड विषय घेतलेला असावा. खानापूरच्या घराघरांत सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लज किंवा गोव्याकडून येतात. शिकलेल्या असतात, मुलांत रमतात, पण त्यांचे शिक्षण कर्नाटकाबाहेर झालेले असल्याने कन्नडच्या अटीपाशी त्यांचा अर्ज अडतो. आपल्या लेकी इथे कन्नड विषय शिकतात आणि लग्न होऊन बाहेर जातात. अशा रीतीने जागा रिकामी राहते आणि तिथे दुसरेच कोणी येते. दोष द्यायचा तर अटीला द्यावा लागेल, पण आपल्या बेफिकिरीलाही त्यात वाटा आहे.

यावर दोन्ही बाजूंनी काम करावे लागेल. जिथे बहुतांश मुले मराठी बोलतात तिथे दहावीच्या गुणपत्रिकेऐवजी कन्नड लिहिण्या-वाचण्याची साधी चाचणी घ्यावी आणि मराठी येणे हीही अट ठेवावी, अशी मागणी आपण लेखी लावून धरली पाहिजे. आणि ही मागणी मान्य होईपर्यंत ज्या मुलींकडे कन्नड आहे त्यांनी जाहिरात निघताच अर्ज भरले पाहिजेत. नोकरीसाठी कन्नड शिकणे म्हणजे शरणागती, असे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. त्यांचा त्याग मोठा आहे, पण हे मत मला पटत नाही. अंगणवाडीच्या नोंदवह्या कन्नडमध्ये भरणारी आणि मुलांशी मराठीत बोलणारी बाई मराठीचे नुकसान करत नाही. तिच्या जागी मराठी न येणारी बाई आली तर मात्र नुकसान होते. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. त्या वर्षी तीन वर्षांचे असलेले मूल आज मतदार आहे. निकालाची वाट आपण पाहू, मुलाचे वय मात्र थांबत नाही.

या कामाला आपल्या प्रतिष्ठित घरांतून 'पोरे सांभाळण्याचे काम' म्हणून नाक मुरडले जाते. ही समजूत सोडली पाहिजे. मानधन कमी आहे हे खरेच. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांना १,००० आणि मदतनिसांना ७५० रुपयांची वाढ जाहीर झाली, तरी महागाईपुढे ती अपुरीच. पण २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निकाल दिला आणि या कामाला नोकरीची मान्यता मिळण्याच्या दिशेने एक पाऊल पडले. अनुभवी सेविकेला पुढे पर्यवेक्षिका होता येते. पदवीधर मुलीला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येते. बारावीनंतर घरी राहून इग्नूची बालसंगोपन व शिक्षण पदविका करता येते. दरवर्षी शिक्षकभरतीची वाट पाहत बसणाऱ्या आपल्या मुलींपुढे ही वाट कोणी मांडतच नाही.

दुसरी बाजू खासगी बालवाड्यांची. इंग्रजी नर्सरीकडे पालक का वळतात? केवळ इंग्रजीच्या हौसेने नव्हे. तिथे वेळ पाळली जाते, गाडी दारात येते, संडास स्वच्छ असतो, महिन्याला मुलाची प्रगती कळवली जाते. आपली बालवाडी मात्र पुष्कळदा देवळाच्या ओवरीत, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली, मिळेल त्या मानधनावर चालते. मराठीच्या अभिमानावर पालक एक वर्ष येईल, दुसऱ्या वर्षी येणार नाही. बालवाडी चालवणे ही एक विद्या आहे. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणासोबतच्या मानकांनुसार तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती हवी, तिनाखालील दहा मुलांमागे एक हवी. तीस मुलांच्या वर्गाला किमान ३५ चौरस मीटर खोली हवी आणि बाहेर खेळायला मोकळी जागा हवी. हिशेब, हजेरी, आजाऱ्याची काळजी, पालकांची बैठक हे सारे सांभाळणारी व्यवस्थापिका तयार करावी लागते आणि तिला पोटापुरता पगार द्यावा लागतो.

इथे जुन्या घराण्यांनी पुढे यावे. पिढ्यान् पिढ्या या तालुक्यात राहिलेल्या आपल्या कुटुंबांकडे वाडे आहेत, बंद पडलेल्या माड्या आहेत, परसदार आहे. पुण्या-मुंबईला गेलेल्या भावंडांचे कुलूपबंद घर आहे. अशी एक खोली दुरुस्त करून बालवाडीला दिली आणि गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एका बाईंच्या पगाराची पाच वर्षांची हमी घेतली, तर सप्ताहाच्या किंवा वाढदिवसाच्या जेवणावळीपेक्षा तो खर्च अधिक सार्थकी लागेल.

कणकुंबी, जांबोटी, लोंढा भागातल्या विखुरलेल्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. आषाढातल्या पावसात तीन वर्षांचे मूल रान आणि ओढा ओलांडून दुसऱ्या वाडीला जाऊ शकत नाही. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेला आहे. छोट्या वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद योजनेतच आहे. हा हक्क मागायला मोर्चा लागत नाही. मुलांची यादी, ग्रामसभेचा ठराव आणि पोच घेतलेला अर्ज लागतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी वहीत लिहून काढाव्यात. गावात सहा वर्षांखालील मुले किती, अंगणवाडीची कोणती जागा रिकामी आहे किंवा होणार आहे, आणि त्या जागेवर अर्ज करू शकणारी आपली लेक वा सून कोणती. ही यादी तालुक्याच्या बैठकीत आणावी. पुढच्या जूनमध्ये पट उतरल्याची चर्चा करायची नसेल, तर आजच तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे बोट धरणारी बाई तयार केली पाहिजे. जय महाराष्ट्र!