माशीचं विरजण

पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण पोरगा मोटारसायकलवरून आमच्या वस्तीवर आला. पिशवीत पांढऱ्या भुकटीच्या पुड्या. म्हणाला, "काका, माशीच्या पोटाचं औषध आहे. प्रोबायोटिक. पाकात घालून द्यायचं. आपण पोट बिघडलं की दही खातो ना, तसंच."

मी म्हटलं, "बाळा, माशीचं पोट बिघडवलं कुणी?"

तो हसला. "ते कशाला बघायचं काका? आपण सुधारायचं."

या एका वाक्यापायी मला हे लिहावं लागतंय. कारण पोट कुणी बिघडवलं ते मला ठाऊक आहे. त्यातला एक मीच आहे.

बऱ्याच वर्षांमागची गोष्ट. माझ्याकडं सातेरीच्या अकरा पेट्या होत्या. एका साली आळ्या मरायला लागल्या. चिमट्यानं ओढली की पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी आळी बाहेर यायची. एका जाणत्या म्हणवणाऱ्यानं सांगितलं, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कुटून पाकात घाल. मी घातल्या. एकदा नव्हे, तीनदा. आळ्या मरायच्या थांबल्या नाहीत, आणि मोठ्या माश्याही रोडावल्या. दिवाळीला तीन पेट्या उरल्या.

पुढं मधपाळांच्या एका शिबिरात कळलं की तो पिशवीचा रोग विषाणूचा. विषाणूला ती गोळी लागूच होत नाही. मग माझी गोळी लागली कुणाला? माशीच्या पोटातल्या चांगल्या जंतूंना! माझ्या आठ पेट्या गोळीनं गेल्या की रोगानं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण 2017 साली अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी माश्यांना पाच दिवस टेट्रासायक्लिन देऊन परत पेटीत सोडलं. तीन दिवसांनी मोजलं, तर औषध न दिलेल्या माश्यांतल्या दोनतृतीयांश शिल्लक होत्या, औषध दिलेल्यांतल्या एकतृतीयांशच. हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता हे पोट म्हणजे काय, ते आमच्या म्हातारीच्या भाषेत सांगतो. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली कामकरी माशी म्हणजे कोरं दूध. तिच्या पोटात जंतू जवळजवळ नसतातच. चार-सहा दिवसांत जुन्या माश्यांच्या संगतीनं, पोळ्यावर फिरून, ती आपल्या घराण्याचं विरजण घेते. आठ-नऊ मुख्य जातींचे जंतू, बस्स. एक जात आतड्याच्या भिंतीला अस्तरासारखी चिकटून बसते, दुसरी परागाचं कठीण कवच पचवायला मदत करते. आपल्या सातेरीत आणि परदेशी मेलिफेरा माशीत या घराण्यातले बरेच जंतू सारखे आहेत. लाखो वर्षं आजीकडून नातीकडं चालत आलेलं हे विरजण. त्याला दुकान लागलं नाही.

आणि पुडीत काय असतं? बहुतेक पुड्यांत दुसऱ्याच घरचे जंतू. कुणी दह्यातले, कुणी मातीतले. ते माशीच्या पोटात बिऱ्हाड करत नाहीत. आले तसे वाहून जातात. अमेरिकेतच अलीकडं मोठ्या मधपाळांच्या पेट्यांवर अशा बाजारी पुड्या वापरून पाहिल्या. गोळीनं झालेलं नुकसान त्यांनी भरून काढलं नाही. उद्या कुणी माशीच्याच पोटातले जंतू घेऊन खरं औषध केलं, तर मी पहिला रांगेत उभा राहीन. मी शास्त्राच्या विरोधात नाही. शास्त्राचं नाव घेऊन पुडी विकणाऱ्याच्या विरोधात आहे.

दुसरा गुन्हेगार आमच्याच बांधावर आहे. तणनाशक. दुकानदार म्हणतो, "आबा, हे फक्त तणाला मारतं, माशीला काय होत न्हाई." ग्लायफोसेट झाडातली जी यंत्रणा बंद पाडतं, ती माशीत नाही, हे खरं. पण माशीच्या पोटातल्या बऱ्याच जंतूंत ती आहे! 2018 मध्ये हे तपासून दाखवलंय. म्हणजे घर शाबूत, चूल विझवलेली. वर आपण बांधावरचं तण जाळून तिचं अन्नही काढून घेतो, आणि मग म्हणतो माशी अशक्त झाली.

तिसरा दोष आम्हा मधपाळांचा. जांभूळ, हिरडा, गेळा फुलला की पेटीतला शेवटचा थेंब काढायचा आणि साखरेच्या पाकावर माशी जगवायची. आमच्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात फुलं धुऊन जातात, तेव्हा पाक द्यावाच लागतो, हे मला कुणी शिकवू नये. पण पाक म्हणजे दुष्काळातली पेज. पेजेवर बाळंतीण किती दिवस काढील? परागाशिवाय आळी वाढत नाही.

आणि शहरातल्या वाचका, तूही सुटत नाहीस. तुला मध स्वस्त पाहिजे, बारा महिने पाहिजे. एवढा मध कुठून येतो, हे तू कधी विचारलंस?

माझं म्हणणं थोडक्यात असं. जाणकाराला आळी दाखवल्याशिवाय पेटीत कसलीही गोळी घालू नका. पावसाळ्यापुरता मध माशीला ठेवा. फुलावर आलेल्या रानात फवारा मारू नका. मारायचाच तर माशी घरी गेल्यावर, संध्याकाळी. बांधावरचं एक हात रान तरी सोडा.

त्या पोराला मी चहा पाजला. पुडी घेतली नाही. जाताना तो म्हणाला, "काका, तुमचं नुकसान होईल." मी म्हटलं, "झालंय की, आठ पेट्यांचं." त्याच्या पुडीच्या पैशात मी शेवग्याची आणि करंजाची रोपं आणली. सहा लागली, दोन शेळीनं खाल्ली.