प्रयोगशाळेपासून बाळंतिणीच्या खाटेपर्यंत



गेल्या पावसाळ्यात एका डोंगराळ तालुक्यात आम्ही आरोग्य शिबिर घेतले. शिबिर आटोपल्यावर एक आई मागे थांबली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल सुखरूप झाले, पण रक्त थांबेना. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या गावी नेताना वाटेतच ती गेली. आईने विचारले, “ताई, रक्त थांबवायचं औषध जगात निघालंच नाही का अजून?”

औषध निघाले आहे, हे तिला सांगताना मला शब्द सापडेनात. ते १९६२ सालीच निघाले आहे.

ते शोधण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी युद्धानंतरच्या टंचाईत रक्तावर संशोधन सुरू केले. रक्तच का? तर पैसा नव्हता, आणि रक्त कमी पडले तर स्वतःचे वापरता येई. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून उताको बाळाला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. या कष्टातून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हाती आले. जखमेच्या जागी रक्ताची गुठळी धरते, तशी ती विरघळवण्याची क्रियाही शरीरात चालू असते. हे औषध त्या विरघळण्याला आवर घालते, म्हणून गुठळी टिकते.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हे औषध वापरून पाहावे, असे उताकोंना मनापासून वाटत होते. पण कोबे शहरातले प्रसूतितज्ज्ञ राजी झाले नाहीत. पुढे ते दात काढताना, शस्त्रक्रियेत, पाळीत जास्त रक्त जाते तेव्हा वापरले जाऊ लागले. बाळंतीण तेवढी राहून गेली.

तिच्यासाठी मोठी चाचणी सुरू झाली २०१० साली. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या पुढाकाराने २१ देशांतल्या २०,०६० बायका तिच्यात सहभागी झाल्या. २०१७ साली निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत इंजेक्शन दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. पुढच्या विश्लेषणात दिसले की दर १५ मिनिटांच्या उशिराने औषधाचा गुण सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ३ तासांच्या आत ते द्यावे, अशी शिफारस केली. उताको मात्र हे पाहायला राहिल्या नाहीत. २०१६ साली त्या वारल्या.

शोध आणि पुरावा यांच्यात ५५ वर्षे गेली. पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाचा नवा उपयोग तपासण्यात कंपन्यांना फारसा नफा नसतो. शिवाय बाळंतपणात रक्त जायचेच, असे आपल्या समाजाने आणि डॉक्टरीनेही धरून ठेवलेले. कोणता प्रश्न संशोधनाला घ्यायचा हे ठरवणाऱ्यांत खेड्यातली बाळंतीण कधी नसते. हे निव्वळ विज्ञानाचे अपयश नाही, हे राजकारण आहे.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या चळवळीला औषधाला ‘नको’ म्हणण्याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या बायकांना पुरती माहिती न देता चालल्या होत्या, तेव्हा १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्यावर आमच्या नकळत प्रयोग नकोत, हे आपण ठणकावून सांगितले. पण जे औषध पारखून सिद्ध झाले आहे ते आमच्यापर्यंत आणा, हे तितक्याच जोराने आपण कधी म्हटले का? दोन्ही मागण्या एकाच हक्काच्या आहेत.

पारखणे का सोडायचे नाही, याचाही धडा इथेच आहे. रक्तस्राव होण्याआधीच हे औषध दिले तर पंडुरोगी बायका वाचतील, अशी आशा होती. १५,०६८ बायकांवर चाचणी झाली. २०२३ साली उत्तर आले की तसा फायदा दिसत नाही. आशा म्हणजे पुरावा नव्हे.

महाराष्ट्रातला मातामृत्यूचा दर २०१८–२० मध्ये लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. आकडा चांगला आहे. पण सरासरीत डोंगरावरचा पाडा दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. तिच्यासाठी १५ मिनिटे म्हणजे फार मोठा काळ.

म्हणून या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची इंजेक्शने प्रसूतिगृहात आहेत का, की भांडाराच्या कुलपात? रात्री पाळीवरच्या नर्सला ते शिरेतून देण्याचे प्रशिक्षण आणि परवानगी आहे का? रुग्णवाहिकेत ते आहे का? गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये असते का, आणि वीज गेल्यावर त्याचे काय होते? किती रक्त गेले हे मोजतात, की नजरेने ठरवतात? नर्सताईंना गुन्हेगार ठरवायला जाऊ नका. त्याही रिकाम्या कपाटापुढे उभ्या असतात. त्यांना सोबत घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा.

मिळालेली उत्तरे आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती तालुकावार छापू.

त्या आईला मी एवढेच सांगितले की औषध निघाले होते, तुमच्या लेकीपर्यंत ते कोणी आणले नाही. ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि म्हणाली, “मग दुसरीच्या लेकीपर्यंत तरी आणा.”