शस्त्रे घडवणारे हात आणि शांततेचा प्रश्न

बंगळूरजवळचे होसकोटे मराठी माणसाला आज आठवत नसेल. ऑगस्ट १७६८ मध्ये तेथे इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री हल्ला चढवला. हल्ला फसला, माणसे मात्र मेली. १७६९ साली मद्रासचा तह झाला आणि दोन्ही पक्षांनी जिंकलेला बहुतेक मुलूख एकमेकांना परत केला. शिपायांचे प्राण कोणत्याही तहाने परत आले नाहीत.

युद्ध न्याय्य केव्हा, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. कामगार चळवळीचा त्यात एक प्रश्न असला पाहिजे : ज्यांना किंमत मोजावी लागते, त्यांना निर्णयात काही स्थान आहे काय?

हा प्रश्न जसा शिपायाचा, तसा शस्त्रे घडवणाऱ्या कामगाराचाही आहे. संरक्षण कारखान्यातला कामगार विचारतो : शांतता मान्य, पण ऑर्डरी आटल्या तर आमच्या चुलीचे काय? या प्रश्नाला उपदेश हे उत्तर नव्हे. स्वसंरक्षणाचा देशाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु रोजगार टिकावा म्हणून युद्धे चालू राहावीत, हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

होसकोट्याशेजारच्या बंगळुरातच याचा दाखला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तेथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. महायुद्धात तेथे लष्करी विमानांची दुरुस्ती होत होती. युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यात रेल्वेचे डबे बांधले गेले.

ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ साली नोकरकपातीला उत्तर म्हणून समाजोपयोगी उत्पादनांची योजना स्वतः तयार केली. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची यंत्रे तीत होती. व्यवस्थापनाने ती फेटाळली. कामगारांचे कौशल्य अपुरे नव्हते. काय बनवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.

चिरस्थायी शांतता सामाजिक न्यायावरच उभी राहू शकते, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घटनेने १९१९ सालीच मान्य केले. तेव्हा संरक्षण उद्योगातील युनियनांनी वेतनवाढीच्या मागणीशेजारी आणखी तीन मागण्या लिहाव्यात : नागरी उत्पादनाची पर्यायी योजना, कंत्राटी कामगारांसह सर्वांना कामाची हमी आणि त्या योजनेत युनियनला निर्णायक मत. या मागण्या मांडल्या नाहीत, तर शांततेचे आमचे ठराव कारखान्याच्या गेटबाहेरच राहतील.