‘बेस्ट इन शो’ श्वानप्रेमींची टिंगल करत नाही




क्रिस्तोफर गेस्ट यांचा 2000 सालचा ‘बेस्ट इन शो’ हा चित्रपट श्वानप्रेमींची टिंगल करतो, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं मत मला साफ अमान्य आहे. त्यात हसू येतं ते माणसांच्या हव्यासाचं. बिअॅट्रिस या श्वानाचं खेळणं हरवतं तेव्हा आकांत मांडते ती मालकीण; दुकानदारावर तुटून पडते. उलट, बायको जायबंदी झाल्यावर दोन्ही पाय डावे असलेला गेरी विंकी या आपल्या श्वानाला घेऊन स्पर्धेच्या रिंगणात उतरतो, तेव्हा दिग्दर्शकाची माया कुणावर आहे हे लपत नाही. संवाद बहुतांशी कलाकारांनी ऐनवेळी रचलेले. म्हणून तर ही माणसं ओळखीची वाटतात.

‘हे आपल्याकडचं नव्हे’, असंही ते पत्रलेखक लिहितात. का नव्हे? मुधोळ आमच्याच कर्नाटकात आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यावर 2005 साली टपाल तिकीट निघालं. लांब मुस्कट, खपाटीला गेलेलं पोट, काटक पाय ही सगळी ठेवण सशामागे रानोमाळ धावण्यासाठी. त्याला फ्लॅटमध्ये डांबून केवळ चषकासाठी मिरवणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा.

आपला,
एक वाचक
चिंताकी, ता. औराद, जि. बीदर