प्रश्नपत्रिकेतले दोन फॉन्ट : मराठी आणि इंग्रजी एकत्र लिहिताना



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीची विज्ञानाची चाचणी होती. वर्ग सेमी इंग्रजीचा, म्हणून प्रश्न इंग्रजीत आणि सूचना व कठीण शब्दांचे अर्थ मराठीत, अशी प्रश्नपत्रिका मी घरीच टाईप केली होती. मराठीसाठी वर्षानुवर्षं वापरलेला जुना फॉन्ट, इंग्रजीसाठी दुसरा. सकाळी शाळेत प्रिंट काढताना वाटलं, अक्षर सगळीकडे सारखं दिसू दे. घाईत सगळं पान सिलेक्ट केलं आणि मराठीचा फॉन्ट लावून टाकला. वरचं शाळेचं नाव, सूचना नीट दिसत होत्या. खाली बघितलंच नाही. चाळीस प्रती काढल्या.

वर्गात प्रश्नपत्रिका वाटल्या आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, हा कोणता शब्द आहे?" बघतो तर इंग्रजी प्रश्नांच्या जागी देवनागरी अक्षरांची नुसती भेळ! सगळे प्रश्न फळ्यावर लिहून दिले, त्यात पंचवीस मिनिटं गेली. पुढचा तास दुसऱ्या विषयाचा, वेळ वाढवून देता आला नाही. शेवटचा पाच गुणांचा प्रश्न निम्म्या वर्गाचा राहिला. चूक माझी होती, वेळ मात्र मुलांचा गेला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. फॉन्ट हे अक्षराचं रूप आहे, अक्षर नव्हे. आपण शिक्षक या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

गल्लत नेमकी कुठे होते?

कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'राम' लिहायला आपण इंग्रजी जे, के आणि ई या कळा दाबतो. पडद्यावर 'राम' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती जे, के, ई हीच तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्टने फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो. आणि उलट, खऱ्या इंग्रजी शब्दाला तोच फॉन्ट लावला की त्याच्यावरही मराठी मुखवटा चढतो. माझ्या प्रश्नपत्रिकेत हेच झालं.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीसाठी १२८ जागांचा वेगळा गट राखलेला आहे. 'र' हा 'र'च राहतो, मग फॉन्ट मंगल लावा नाहीतर मुक्त. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. म्हणजे दोन भाषा एका पानावर आणायच्या असतील तर पहिली अट हीच : मजकूर युनिकोडमध्ये हवा.

युनिकोड आलं, तरी फॉन्टचा प्रश्न उरतोच

बरेच सहकारी म्हणतात, "आम्ही तर युनिकोडच वापरतो, तरी पान विचित्र दिसतं." खरं आहे. कारण असं की, ज्या फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसतं, तिथे संगणक ते अक्षर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. इंग्रजीचा फॉन्ट निवडून मराठी लिहिलं तरी मराठी दिसतं, ते या उसनवारीमुळे. पण कोणता फॉन्ट उसना आणायचा हे संगणक ठरवतो, आपण नाही. घरच्या संगणकावर एक येतो, शाळेतल्या संगणकावर दुसरा. ओळी खालीवर होतात, एका पानाची प्रश्नपत्रिका दीड पानाची होते.

कधी कधी ही उसनवारी एकाच अक्षरापुरती असते. 'ॲप' मधला 'ॲ' घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसला, तर शब्दातलं पहिलंच अक्षर वेगळ्या जाडीचं दिसतं किंवा नुसता चौकोन येतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे तर आपल्याला व्याकरणातच शिकवावं लागतं. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' मिळतो. पुढे हलन्त आणि 'य' दिला की 'ऱ्य' तयार होतो. फॉन्टमध्ये त्याची सोय नसेल, तर मुलाला काय दिसेल याचा नेम नाही.

पहिलीच्या वर्गाचं तर आणखी वेगळं. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसतात. मूल पुस्तकात एक 'ल' गिरवतं आणि आपल्या कृतिपत्रिकेत त्याला दुसराच 'ल' दिसतो. आपण म्हणतो, "अरे, एवढं साधं अक्षर ओळखता येत नाही?" अहो, त्या लेकराचं काय चुकलं! काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी लावली की मराठी वळण येतं. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हे होतंच असं नाही, म्हणून छापण्याआधी 'ल' आणि 'श' डोळ्यांनी तपासावेत.

मी आता काय करतो

१. प्रत्येक लिपीला एकच फॉन्ट, आणि तो सुरुवातीलाच ठरवतो. लिबर ऑफिस रायटरमध्ये परिच्छेदाच्या स्टाईलमध्ये वेस्टर्न आणि सीटीएल असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला इंग्रजीचा, दुसरा देवनागरीचा. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबलं की फॉन्टची खिडकी उघडते. भारतीय भाषा सुरू केलेली असेल तर तिथे लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट असे दोन रकाने दिसतात. आकारही दोन्हींचा वेगळा देता येतो. याचा मोठा फायदा आहे, कारण एकाच आकारात देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं बरेचदा लहानमोठी दिसतात.

२. शब्दाशब्दाला हाताने फॉन्ट बदलत बसत नाही. एकदा स्टाईल ठरवली की लिपी ओळखून फॉन्ट आपोआप बदलतो.

३. कंस, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही दोन्ही लिपींची सामाईक मालमत्ता. ती कोणत्या फॉन्टची हे प्रोग्रॅम शेजारच्या अक्षरावरून ठरवतो. त्यामुळे कधी उघडणारा कंस एका वळणाचा आणि बंद होणारा दुसऱ्या वळणाचा येतो. हे टाळायचं असेल तर दोन्ही लिपी असलेला एकच फॉन्ट घ्यावा. मुक्त, हिंद, पॉपिन्स हे असे फॉन्ट आहेत आणि ते मोफत मिळतात.

४. ओळींमधलं अंतर जबरदस्तीने कमी करत नाही. पान वाचतं, पण रफार, अनुस्वार आणि उकार कापले जातात. 'चिंता' आणि 'चिता' यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे!

"पीडीएफ काढा की!"

हा सल्ला मला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून नेता येतो, म्हणून छपाई नीट होते. पण पुढच्या वर्षी त्यातले चार प्रश्न घेऊन नवी प्रश्नपत्रिका करायची असेल तर? जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की पुन्हा तेच जे, के, ई हाती येतं. त्यात शोधही घेता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर? पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर मुखवटा बघत नाही, आतलं अक्षर वाचतं. त्या मुलाला 'राम' ऐकू येणार नाही, इंग्रजी अक्षरांची अर्थहीन बडबड ऐकू येईल. आपल्या डोळ्यांना सुंदर दिसणारं पान त्याच्यासाठी कोरं आहे. समावेशक शिक्षणाची प्रशिक्षणं आपण सगळ्यांनी केली आहेत. त्याची सुरुवात इथून व्हायला नको का?

"आता या वयात नवं टायपिंग कुठे शिकू?" असं काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. त्यांचा वेग मी पाहिला आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण रेमिंग्टनची तीच कळरचना युनिकोडसाठीही मिळते. बोटांची जुनी सवय बहुतांशी तशीच राहते, फक्त पडद्यामागचं अक्षर खरं होतं.

माझी एवढीच विनंती आहे. मराठीच्या शिक्षकाने फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ जितकं जपायचं, तितकंच संगणकावरचं अक्षरही जपावं. आणि प्रश्नपत्रिका छापण्याआधी ती एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं वाचवली होती आणि माझ्या चाळीस मुलांची पंचवीस मिनिटं घालवली होती.