गजर वाजला, पण उठले कोण?



या पानावर एरवी आपण भाताचे तरवे, गुरांचे रोग आणि मुलांच्या लसी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय घरातल्या आगीचा आहे. पीक आणि प्रकृती या दोन्हींची राखरांगोळी करण्यास एक रात्र पुरते, म्हणून तो या पानाबाहेरचा मानू नये.

आखातात नोकरीला असलेला आमचा मुलगा सुटीवर आला, तेव्हा त्याने धूर लागताच ओरडणारी गजराची एक डबी आणली. बशीएवढी, पांढरी. स्वयंपाकघरात चुलीच्या वर ती बसवून तो परत गेला. चौथ्या दिवशी मिरचीची फोडणी पडली आणि डबीने असा गलका केला की शेजारी धावत आले. सूनबाईने स्टुलावर चढून आतले दोन सेल काढले. त्यांतला एक भिंतीवरच्या घड्याळात गेला, दुसरा टॉर्चमध्ये. डबी मात्र दोन वर्षे तशीच टांगलेली होती आणि आल्यागेल्याला आम्ही ती कौतुकाने दाखवीत होतो!

गेल्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात जवळच्या वाडीत रात्री एका घराला आग लागली. माणसे वाचली, दोन म्हशी गेल्या. त्या घरून परतल्यावर आम्ही आमची डबी उघडून पाहिली. नवे सेल घातले आणि रात्री सर्व निजल्यावर तिचे बटण दाबले. कर्कश आवाज झाला. सूनबाई धडपडत उठली. सात वर्षांचा नातू कुशीवर वळून पुन्हा झोपी गेला. आतल्या खोलीतल्या आजींना तर काही ऐकूच आले नाही. सकाळी त्यांनी विचारले, “रात्री दिवा का लावला होता?” त्यांच्या खोलीच्या मागच्या दारापाशी भुईमुगाची चार पोती रचलेली होती, हेही त्याच रात्री आमच्या ध्यानात आले.

तेव्हापासून आमचे स्पष्ट मत झाले आहे की, तपासून न पाहिलेला गजर हा गजर नसण्यापेक्षा वाईट. गजर नसला तर माणूस निदान सावध तरी राहतो. दुसरे असे की, गजर फक्त जागे करतो, बाहेर काढीत नाही. बाहेर काढते ती आधी ठरवून ठेवलेली रीत.

काही जण म्हणतील, “देव राखणारा असताना ही उठाठेव कशाला?” त्यांनी दहा कुमारींचा दाखला आठवावा. दिवे दहाही जणींकडे होते. उणे होते ते पाच जणींच्या दिव्यांतले तेल. आमच्या डबीतल्या सेलांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. देवावरचा भरवसा आणि घरातली तजवीज यांत विरोध नाही.

आता तपासणीविषयी. धुराचा गजर चुलीच्या वर लावू नये. फोडणीने तो रोज वाजतो आणि मग कोणीतरी सेल काढतोच. स्वयंपाकघरापासून दहा फूट तरी दूर, निजायच्या खोल्यांजवळ तक्तपोशीला तो लावावा. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे; तेही दारे लावून, पंखा चालू ठेवून, माणसे आपापल्या अंथरुणात असताना. वर्षातून एकदा सेल बदलावेत. दहा वर्षे झाली की डबीच बदलावी, कारण आतला धूर ओळखणारा भाग तोवर निकामी होऊ लागतो. वयोमानाने बारीक, उंच स्वर ऐकू येईनासा होतो आणि मुले गाढ झोपेत अशा आवाजाने पुष्कळदा उठत नाहीत. म्हणून म्हाताऱ्यांना आणि मुलांना कोणी उठवायचे, हे नावानिशी ठरवावे.

धुराच्या गजराला गॅसची गळती कळत नाही, हेही पक्के लक्षात असू द्यावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वास मिसळलेला असतो. वास आला की दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी नळी बदलावी.

आगीत माणूस ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली, ती मुख्यत्वे धुराने गुदमरून. गवती छपराखाली चूल पेटवणाऱ्यांनी तमिळनाडूतील कुंभकोणम विसरू नये. तेथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकाची आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली.

ज्यांना डबी घेणे परवडत नाही, त्यांनी थाळी व पळी खाटेजवळ ठेवावी. पुढची रीत ठरवायला तर एक पैसाही लागत नाही. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्या आणि त्यांपुढे पोती, सायकल, लाकडे रचू नयेत. रात्री कुलूप लावीत असाल तर किल्ली ठरलेल्या खिळ्यावरच हवी. धूर दाटला तर खाली वाकून, रांगत निघावे. अंगणातल्या क्रूसाजवळ सर्वांनी जमावे आणि माणसे मोजावीत. मग १०१ किंवा ११२ फिरवावा. मोजदाद पुरी झाल्यावर, आणि गोठ्याला आग लागलेली नसेल तरच, गुरे सोडावीत. त्यासाठी दाव्याला एका हिसक्यात सुटणारी सरकगाठ मारावी. दागिने आणि जमिनीचे उतारे यांसाठी कोणीही आत परतू नये. उताऱ्याची नक्कल कचेरीत मिळते. माणसाची मिळत नाही.

कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावे. कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्यास बांगड्या-अंगठ्या लगेच काढून तो भाग वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरावा. तूप, हळद, दंतमंजन किंवा बर्फ लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा जखम मोठी असेल, तर स्वच्छ फडके झाकून थेट दवाखाना गाठावा. कडब्याची गंजी घरापासून दूर रचावी. आल्तारावरची मेणबत्ती रोझरी संपताच विझवावी. कागदी फुलांजवळ ती रात्रभर जळत ठेवण्यात भक्ती नाही.

आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला आमची एक विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्साहून परतल्यावर गजराचे बटण दाबा आणि घरातल्या सर्वांनी क्रूसापर्यंत चालून दाखवा. अधूनमधून हेच रात्री करून पाहा. २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांना आशीर्वाद मिळतो त्या सणाला, जुने सेल काढून नवे घाला. तारीख विसरायला नको.

आमच्या घरी आता भुईमुगाची पोती माळ्यावर गेली आहेत. आजींना उठवायचे काम सूनबाईकडे आहे आणि नातवाला उचलायचे आमच्याकडे. पहिल्या खेपेस सर्वांना क्रूसाजवळ पोहोचायला चार मिनिटे लागली. गेल्या रविवारी दोन लागली. आजींच्या गुडघ्यांना त्याहून घाई जमत नाही, म्हणून या महिन्यात त्यांची खाट पुढच्या खोलीत आणणार आहोत.